बेचिराग

मराठी कानाला 'वाळवंट' हा शब्द ऐकला की प्रथम आठवते ते पंढरपूर. चंद्रभागेच्या पात्रातली ती वाळू, आषाढीला तिच्यावर उसळणारी गर्दी, टाळ-मृदंग, फुगड्या, पायांनी तुडवून घट्ट झालेली जमीन. म्हणजे आमच्या भाषेत वाळवंट ही माणसांनी गजबजलेली, किंबहुना वर्षातून काही दिवस तरी सर्वांत आनंदी जागा आहे. भूगोलाच्या पाठ्यपुस्तकाने हाच शब्द सहाराला आणि थरला लावला आणि त्याच्यात एकदम शुकशुकाट शिरला. संस्कृतातला 'मरु' तर परंपरेने 'मृ' धातूशीच जोडला जातो. मरूभूमी म्हणजे जिथे मरण आहे ती भूमी. जैसलमेरच्या बाजूला हिंडताना या दोन अर्थांतली ओढाताण आम्हांला पावलोपावली जाणवत राहिली, आणि पुढचे टिपण मुख्यतः त्याविषयी आहे. प्रवासवर्णन म्हणून वाचू पाहणाऱ्यांची थोडी निराशा होईल.

जैसलमेर आणि बाडमेर या दोन जिल्ह्यांत मिळून ३१६२ चौरस किलोमीटर पसरलेल्या प्रदेशाला 'मरू राष्ट्रीय उद्यान' म्हणतात. १९८० साली ते घोषित झाले. या नावातले दोन्ही शब्द फसवे आहेत. एक तर 'राष्ट्रीय उद्यान' हा दर्जा त्याला कायद्याने अंतिमतः मिळालेलाच नाही. कायद्याच्या दृष्टीने ते अभयारण्य आहे. त्यामुळे आत डझनावारी गावे आणि ढाण्या आहेत, शेळ्यामेंढ्या आहेत, देवळे आहेत, आणि अभयारण्याचे निर्बंध असल्यामुळे रस्ता आणि वीज यांसाठी वर्षानुवर्षे खेटे घालणारी माणसेही आहेत. दुसरे म्हणजे 'मरू'. टेकड्याटेकड्यांची, उंटाच्या छायाचित्रातली वाळू या प्रदेशाचा साधारण पाचवा हिस्सा व्यापते. बाकीचे खडकाळ माळ, खारी तळवटे, गोट्यांची पठारे आणि गवत. सेवण नावाचे हे गवत झुपक्याझुपक्यांनी वाढते, वर्षानुवर्षे टिकते आणि इथल्या साऱ्या पशुपालनाचा आधार आहे. सम गावच्या वाळूवर सूर्यास्त पाहायला येणारे शेकडो लोक वाटेत हे गवत ओलांडूनच जातात. परंतु ते पाहायला कोणी थांबत नाही.

या उद्यानाच्या जन्माची हकिगत मोठी विलक्षण आहे. १९७८-७९च्या हिवाळ्यात अरब देशांतून शाही शिकारी आपले ससाणे घेऊन जैसलमेरच्या बाजूला उतरले. त्यांना हवा होता हिवाळ्यात इथे येणारा तिलोर. पण त्याच माळावर त्याचा थोरला भाऊबंद गोडावण राहतो, हे जयपूर-जोधपूरच्या पक्षिप्रेमींना आणि बिश्नोईंना ठाऊक होते. निदर्शने झाली, बोभाटा झाला, शिकार थांबली. १९८० साली जयपूरला याच कुळातल्या पक्ष्यांविषयी एक आंतरराष्ट्रीय परिसंवाद भरला, त्याच वर्षी उद्यान घोषित झाले आणि पुढच्या वर्षी गोडावण हा राजस्थानचा राज्यपक्षी ठरला. ज्या भूमीत काही नाही असे सगळे म्हणत होते, तिच्यात काहीतरी आहे हे सरकारदरबारी कबूल व्हायला परक्या राजपुत्रांची शिकार कारणी लागली.

गोडावण म्हणजेच आपला माळढोक. सोलापूरच्या नान्नजची माळराने ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हा पक्षी सांगायला नको. मीटरभर उंच, पंधरा किलोंपर्यंत भरणारा, जमिनीवर उघड्यावरच बहुधा एकच अंडे घालणारा. महाराष्ट्रात १९७९ साली त्याच्यासाठी अभयारण्य घोषित झाले, आणि त्याची व्याप्ती कागदावर सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटर इतकी अवाढव्य होती की त्यात शेते, कारखाने, गावे, तालुक्याची ठिकाणे, सगळेच आले. पुढे ती बाराशेच्या आसपास आणावी लागली. एवढे सारे होऊनही नान्नजच्या माळावर आता एखाददुसरा पक्षी दिसला तरी बातमी होते. जगात जे काही माळढोक उरले आहेत (दीडशेच्या आत, असा बहुतेक अभ्यासकांचा अंदाज) त्यांतले बहुतांश जैसलमेरच्या या टापूत आहेत. सुदासरीच्या कुंपणाबाहेरून आम्ही दोन पाहिले. दूर, तापलेल्या हवेत थरथरणारे, मान ताठ ठेवून संथ चालणारे. वाटाड्याने बोट दाखवले नसते तर आम्हांला ते बोरीच्या झुडपांतून वेगळे काढता आले नसते.

आसपासच्या नवलाईच्या जागांपैकी दोन भूगर्भशास्त्राच्या आहेत. जैसलमेरहून बाडमेरच्या रस्त्याला सतराएक किलोमीटरवर आकल नावाचे गाव आहे. तिथे एका उघड्या टेकाडावर सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीच्या वृक्षांचे दगड झालेले बुंधे पडले आहेत, आणि त्यांच्यावर लोखंडी जाळ्यांचे पिंजरे घातले आहेत. पळून जाण्याची सर्वांत कमी शक्यता असलेल्या वस्तूला पिंजऱ्यात पाहणे गमतीचे वाटते खरे, पण तुकडे खिशात घालणाऱ्या पर्यटकांची ख्याती लक्षात घेता तो शहाणपणाच म्हणायचा. तिथे एके काळी दमट अरण्य होते आणि जवळच समुद्र होता. २०२३ साली याच जिल्ह्यातल्या खडकांत सापडलेल्या शाकाहारी डायनोसॉरला 'थारोसॉरस' असे नाव मिळाले. दुसरी जागा हाबूर. इथला जीवाश्मांनी भरलेला तांबूस-पिवळा दगड कोरून वाट्या करतात आणि त्यांत नुसते दूध ठेवले तर विरजणावाचून दही लागते असे सांगतात. दुकानदार हे इतक्या गंभीरपणे सांगतो की घेणाऱ्याला शंका काढण्याचे धैर्य होत नाही.

किल्ल्याविषयी लिहायचे तर ते इतिहासापेक्षा वाङ्मयाच्या खात्यात जमा करावे लागेल. सत्यजित रायांनी १९७१ साली 'सोनार केल्ला' ही फेलूदाची कादंबरी लिहिली आणि १९७४ साली तिच्यावर चित्रपट काढला. पूर्वजन्म आठवणारा मुकुल नावाचा मुलगा 'सोन्याच्या किल्ल्या'ची चित्रे काढतो आणि त्याचा माग जैसलमेरला येऊन पोहोचतो. तेव्हापासून बंगाली प्रवाशांची रीघ लागली. आज किल्ल्यातल्या गल्लीत एक पडके घर 'मुकुलचे घर' म्हणून दाखवतात. अस्तित्वात नसलेल्या मुलाच्या, अस्तित्वात नसलेल्या पूर्वजन्मातले हे घर. आणि लोक तिथे उभे राहून मनापासून छायाचित्रे काढतात. आम्हांला यात फसवणूक वाटली नाही. सगळ्यांनाच ठाऊक आहे की ही गोष्ट आहे. अडचण सुरू होते ती गोष्टीला इतिहास म्हणून दाखवले जाते तेव्हा, आणि त्यासाठी कुलधऱ्याला जावे लागते.

कुलधरा हे जैसलमेरच्या नैर्ऋत्येला सुमारे अठरा किलोमीटरवरचे ओस गाव. सरळ, रुंद रस्ते, दोन्ही बाजूंना छप्पर गेलेल्या घरांच्या दगडी भिंती, मध्ये देऊळ, एका अंगाला पायविहीर. चारशेहून अधिक घरांचे अवशेष तिथे मोजले गेले आहेत. दाखवणारे सांगतात ती हकिगत अशी. पालीवाल ब्राह्मणांची चौऱ्याऐंशी गावे इथे नांदत होती. जैसलमेरचा दिवाण सालिमसिंह याची नजर कुलधऱ्याच्या मुखियाच्या मुलीवर पडली आणि तिला स्वाधीन करण्याची त्याने मुदत घातली. तेव्हा चौऱ्याऐंशी गावांची पंचायत बसली आणि १८२५ सालच्या एका रात्रीत सारी गावे उठून गेली. जाताना शाप दिला की इथे पुन्हा कोणी वसणार नाही. ते कुठे गेले, कोणाला माहीत नाही. म्हणून आज ते 'भुताचे गाव' आहे, सूर्यास्तानंतर तिथे थांबू देत नाहीत, आणि भुते मोजण्याची यंत्रे घेऊन तिथे रात्र काढून आलेलेही महाभाग आहेत.

ही कथा एकदा ऐकली की विसरत नाही. पण तिचे टाके जरा उसवून पाहू. 'चौऱ्याऐंशी' हा आकडा हिशेबाचा नाही, संकेताचा आहे. लक्ष चौऱ्याऐंशी योनींपासून चौऱ्याऐंशी सिद्धांपर्यंत तो सर्वत्र भेटतो, आणि राजस्थान-गुजरातेत 'चौरासी' हे मुलखाच्या वाटणीचे जुने मापच होते. सुरतेजवळच्या तालुक्याच्या नावात ते अजून टिकून आहे. तेव्हा 'पालीवालांचा सबंध मुलूख' एवढाच अर्थ त्यातून घ्यावा. साल घ्या. सालिमसिंह हा खरा माणूस; जैसलमेरात त्याची मोराच्या पिसाऱ्यासारखी वर रुंदावत गेलेली हवेली उभी आहे. त्याचा अंत १८२४च्या सुमारास झाला. म्हणजे तो मेल्यानंतरच्या वर्षी त्याच्या भीतीने गावे उठली असे होते! 'कोणाला माहीत नाही' हेही खरे नाही. पालीवाल कुटुंबे राजस्थानात, मध्य भारतात आणि इतरत्र आजही नांदत आहेत, आणि आपण कुठून आलो हे त्यांना उत्तम ठाऊक आहे.

मग घडले काय? कर्नल जेम्स टॉडच्या ग्रंथाचा दुसरा खंड १८३२ साली निघाला, म्हणजे या घटनांनंतर लगेचच. त्यात पालीवालांची सुबत्ता आहे, सालिमसिंहाच्या जुलमाचे वर्णन आहे. पण त्याचा भर कर, लुबाडणूक आणि परागंदा झालेली कुटुंबे यांवर आहे. टॉडही निःपक्षपाती साक्षीदार नव्हे. डिसेंबर १८१८मध्ये जैसलमेर कंपनीच्या छत्राखाली आले होते, आणि देशी दिवाण जितका दुष्ट दिसेल तितके ते छत्र शोभून दिसणार होते. तरीही प्रजा पेठेतून आणि शेतातून पाझरत निघून जाते आहे, हे त्याचे चित्र एका रात्रीच्या चित्रापेक्षा अधिक विश्वसनीय वाटते.

अधिक बोलके आहेत ते दगड. कुलधऱ्याच्या भोवती स्मारकशिळा आहेत. तिकडे त्यांना देवळी म्हणतात, आपल्या वीरगळांच्या नात्यातल्या. इतिहासकार सय्यद अली नदीम रझावी यांनी १९९०च्या दशकात त्यांचे आणि गावाच्या रचनेचे वाचन केले. त्यांतल्या जुन्या दोन शिळांवर १२३५ आणि १२३८ या सालांशी जुळणारे भट्टिक संवताचे आकडे आहेत. भाटी राजवटीचा हा स्वतंत्र संवत इसवी सनाच्या सातव्या शतकापासून मोजला जातो. आणखी एक बारकावा आम्हांला फार महत्त्वाचा वाटतो. या शिळांवर मृतांना 'ब्राह्मण' म्हटले आहे, काही ठिकाणी 'कुलधर' म्हटले आहे, पण 'पालीवाल' हा शब्द नाही. पालीहून आलेले म्हणून पालीवाल, ही ओळख इतरांनी दिलेली, किंवा निघून गेल्यावर अधिक घट्ट झालेली असावी. गाव सोडल्यावर माणसाला गावाचे नाव चिकटते, हा अनुभव आपल्याकडच्या आडनावांनाही नवा नाही.

गाव एकदम रिकामे झाले असेही दिसत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच बहुतेक विहिरी आटल्याचे, शतकाच्या मध्यास एक पायविहीर आणि दोन खोल विहिरी तेवढ्या चालू राहिल्याचे अभ्यासक सांगतात. पाणी कमी होत गेले आणि कर मात्र कमी झाला नाही. २०१७ साली काही भूवैज्ञानिकांनी कोसळलेल्या छपरांच्या आणि तुळयांच्या ढिगाऱ्यांवरून भूकंपाची शक्यताही मांडली. ती आम्हांला एकटी पुरेशी वाटत नाही. सोडलेल्या घराचे छप्पर भूकंपावाचूनही पडते.

मराठीत ओसाड गावाला 'बेचिराख' म्हणतात. आपण त्यात राख पाहतो, जळलेली घरे पाहतो. मूळ फारसी शब्द 'बेचिराग', म्हणजे जिथे दिवा लागत नाही ते. आपल्या महसुली दप्तरांत अजून 'बेचिराग मौजे' असे शेरे सापडतात, आणि त्यामागे बहुतेक ठिकाणी जाळपोळ नसते. पटकी, दुष्काळ, सारा आणि आटलेली विहीर असते. आधी एका घरातला दिवा विझतो, मग शेजारचा. दहा-वीस वर्षांनी कारकून येतो आणि शेरा लिहितो. कुलधरा या अर्थाने बेचिराग आहे. पण दंतकथेला राख हवी असते.

म्हणून दंतकथा खोटी, एवढे म्हणून थांबणे मात्र साहित्याच्या अभ्यासकाला शोभणार नाही. ही कथा ज्यांनी रचली त्यांनी एक नेमके काम केले आहे. करामुळे, कर्जामुळे, तहानेमुळे एकेक करून निघून जाणे यात अपमान आहे. त्यात कोणाचा निर्णय दिसत नाही. कथेने त्या निघून जाण्याला एक रात्र दिली, एक सभा दिली, एक ठराव दिला. हरलेल्यांना तिने बहिष्कार घालणारे केले. वसुलीचा जुलूम मुलीच्या अब्रूत रूपांतरित झाला, कारण शेतसाऱ्याच्या वाढीवर कोणी पोवाडा रचत नाही. शापाने तर हिशेबच पुरा केला: आम्हांला घालवलेत, आता तुमच्या हाती रिकामी जमीन. ही कथा त्या समाजाचा आत्मसन्मान आहे, आणि त्या दृष्टीने ती एक दस्तऐवजच आहे. तक्रार आहे ती भुतांबद्दल. भुते आली की पालीवाल अदृश्य होतात. त्यांनी इथे सहा शतके नेमके काय केले हे विचारावेसे कोणाला वाटत नाही.

त्यांनी खडीन बांधले. खडकाळ उताराच्या पायथ्याशी मातीचा लांब बांध घालायचा, उतारावरचे पावसाचे पाणी त्याच्या आत पसरू द्यायचे, जास्तीचे सांडव्याने काढून द्यायचे. पाणी जमिनीत मुरले की त्या ओलीवर रब्बीचा गहू आणि हरभरा पेरायचा, एकही सिंचन न देता. मंगळवेढ्याच्या काळ्या जमिनीत निव्वळ ओलीवर येणारी ज्वारी ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे तत्त्व लगेच उमजेल. फरक इतकाच की इथे ती ओल धरणारी माती माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या साचवून तयार केली. जमीन राज्याची, बांध शेतकऱ्याचा, उत्पन्नाचा ठराविक हिस्सा दरबाराला, असा करार असे. वर्षाकाठी वीस सेंटिमीटरच्या आगेमागे पाऊस पडणाऱ्या मुलखात गहू विकून श्रीमंत झालेला समाज म्हणजे काय, हे कुलधऱ्याच्या रुंद रस्त्यांवरून कळते. दरबाराने हिस्सा वाढवताच काय बिनसले असेल, तेही कळते. अनुपम मिश्र यांच्या 'राजस्थान की रजत बूँदें' या १९९५च्या पुस्तकात या जलविद्येचा शब्दसंग्रहच आहे. पावसाचे थेट मिळणारे ते पालर पाणी, भूगर्भातले ते पाताळ पाणी, आणि दोहोंच्या मध्ये, जिप्समच्या थरावर अडकून राहिलेल्या ओलाव्यातून अरुंद कुईत थेंबाथेंबाने उतरणारे ते रेजाणी पाणी. ज्या भाषेत पाण्याचे असे तीन वर्ग पडतात तिच्या प्रदेशाला 'निर्जल' म्हणणाऱ्याने शब्दकोश उघडलेला नसतो. खाब्याच्या बाजूला काही खडीन अजून पेरले जातात. पेरणारे आता दुसरे आहेत.

सरहद्दीकडे तनोटचे देऊळ आहे. १९६५च्या युद्धात आसपास पडलेले तोफगोळे फुटले नाहीत, ही देवीची कृपा, असे मानतात; ते न फुटलेले गोळे काचेच्या कपाटांत मांडले आहेत, आणि देवळाची पूजाअर्चा सीमा सुरक्षा दल पाहते. वाटेवर लोंगेवाला, १९७१च्या ४ आणि ५ डिसेंबरच्या रात्रीच्या लढाईचे ठिकाण. जरा पूर्वेला पोखरण, १९७४ आणि १९९८. यांच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्हांला तिथे जाणवले ते इतकेच की अणुस्फोटासाठी जागा निवडताना 'रिकामी' हा निकष लागतो, आणि पोखरणच्या क्षेत्राला लागून खेतोलाईसारखी बिश्नोईंची वस्ती होतीच.

'रिकामी' हा शब्द आता दुसऱ्या कपड्यांत आला आहे. सरकारी पडीक जमिनींच्या नकाशांत गवताळ माळांचे मोठाले पट्टे पडीक म्हणून रंगवले गेले. पडीक म्हटल्यावर पवनचक्क्यांना आणि सौरऊर्जेच्या पट्ट्यांना ती सर्वांत सोयीची. बडा बागेतल्या महारावळांच्या छत्र्यांमागे फिरणारी पाती हे आता जैसलमेरचे नेहमीचेच छायाचित्र झाले आहे. दगडी कोळशापेक्षा ही वीज बरी, याबद्दल आमचा वाद नाही. पण माळढोकाला समोरचे नीट दिसत नाही. त्याचे डोळे बाजूंना असतात, अंग जड असते, उच्चदाबाच्या तारा दिसेपर्यंत वळायला अवकाश राहत नाही. देगराय मातेच्या ओरणात, म्हणजे देवराईत, जिथे पिढ्यान्‌पिढ्या कोणी फांदी तोडली नाही, तिथल्या गावकऱ्यांना तारांखाली मेलेले पक्षी सापडू लागले. महसुली कागदावर अशी कैक ओरणे नुसतीच सरकारी जमीन आहेत. देवी कागदावर नाही.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. एप्रिल २०२१मध्ये तारा जमिनीखालून नेण्याचा व्यापक आदेश झाला. मार्च २०२४मध्ये तो मागे घेऊन न्यायालयाने तज्ज्ञांची समिती नेमली, आणि त्याच निकालात हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षण हा नागरिकांचा हक्क मानला. एकाच निकालात पक्ष्याची बाजू थोडी मागे सरली आणि सूर्याची पुढे आली. दोन्हींची कारणे न्यायालयाने तपशिलाने दिली आहेत, ती मुळातून वाचावीत.

इकडे सम येथे २०१९पासून माळावरची अंडी उचलून आणून उबवली जात आहेत. त्यातून वाढलेल्या माद्यांनी पुढे स्वतः अंडी घातली, आणि ऑक्टोबर २०२४मध्ये कृत्रिम रेतनातून पहिले पिलू जन्मले. माणसांच्या हातून खाल्लेली ही पिले. त्यांना मोकळे सोडायचे तर आधी माळावर राहायला शिकवावे लागेल, आणि त्यासाठी सेवणाचा असा सलग माळ लागेल ज्याच्यावरून एकही तार गेलेली नाही.